एकाच वेल्डमधील हायड्रोजनचे दोन वेगळे आकडे

प्रश्न:
उच्च बलाच्या पोलादावर लो-हायड्रोजन इलेक्ट्रोडने केलेल्या वेल्डचे नमुने आम्ही दोन प्रयोगशाळांकडे पाठवले. एकीने दिलेला आकडा दुसरीच्या जवळजवळ तिप्पट आहे. पहिलीने नमुना वितळवून मोजणी केली, तर दुसरीने १५०° सेल्सियसला सहा तास तापवून. थंड झालेल्या जोडात पुढे तडे जाण्याचा धोका ठरवण्यासाठी यांपैकी कोणता आकडा धरावा?

उत्तर १:
दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण दोन्ही प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. ग्राफाइटच्या मुशीत नमुना वितळवला की वेल्डमधील सगळा हायड्रोजन बाहेर पडतो. त्यात समावेशांपाशी (धातूत अडकलेल्या अधातू कणांपाशी) किंवा सूक्ष्म पोकळ्यांत घट्ट अडकलेला आणि सामान्य तापमानाला न हलणारा हायड्रोजनही आला. १५०° सेल्सियसला मात्र मुख्यतः डिफ्यूझिबल, म्हणजे धातूतून सरकू शकणारा, हायड्रोजनच सुटतो, आणि थंड झालेल्या वेल्डला तडे पाडणारा हाच. म्हणून इलेक्ट्रोडची एच५, एच१० ही वर्गवारी डिफ्यूझिबल हायड्रोजनवरच आधारलेली आहे: १०० ग्रॅम निक्षेपित (इलेक्ट्रोडमधून वेल्डमध्ये पडलेल्या) धातूत अनुक्रमे ५ आणि १० मिलिलिटरपर्यंत. तुमच्या प्रश्नासाठी दुसरा आकडा धरा.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण तुलना करण्यापूर्वी एकके तपासावीत. १०० ग्रॅममागे १ मिलिलिटर म्हणजे वस्तुमानाने सुमारे ०.९ पीपीएम (दहा लाखांत ०.९ भाग), त्यामुळे एककांच्या गोंधळातून तिपटीचा फरक येत नाही. मात्र भागाकार निक्षेपित धातूच्या वजनाने केला की वितळलेल्या संपूर्ण धातूच्या, हे अहवालात लिहिलेले असलेच पाहिजे. वितळलेल्या धातूत मूळ पत्र्याचाही भाग असल्याने त्या हिशेबाने आकडा बराच खाली येतो.

उत्तर ३:
मला सर्वांत जास्त काळजी नमुन्याच्या हाताळणीची वाटते. फेरायटी पोलादातून हायड्रोजन सामान्य तापमानालाही निसटत राहतो, त्यामुळे वेल्डिंग संपताच नमुना बर्फाच्या पाण्यात विझवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावा लागतो. तो साध्या पिशवीतून कुरिअरने पाठवला असेल, तर पुढचे यंत्र कितीही चांगले असले तरी डिफ्यूझिबल हायड्रोजनचा आकडा कमीच येणार. वितळवण्याच्या पद्धतीत धोका उलट दिशेचा असतो: पृष्ठभागावरील ओलावा, तेल किंवा गंज यांतला हायड्रोजनही मोजला जातो, म्हणून नमुना घासून व ॲसिटोनने धुऊन लगेच यंत्रात ठेवावा.

यंत्रात हायड्रोजन ओळखला जातो तो औष्णिक वाहकतेवरून. नायट्रोजनच्या तुलनेत ती सुमारे सातपट असते. वाहक वायू (सुटलेला हायड्रोजन मोजणाऱ्या भागापर्यंत वाहून नेणारा) नायट्रोजन असेल, तर मुशीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा फारसा अडथळा होत नाही, कारण त्या दोघांची वाहकता जवळजवळ सारखी आहे. वाहक वायू आर्गॉन असेल, तर मात्र कार्बन मोनॉक्साइड आधी वेगळा करावा लागतो. दोन्ही प्रयोगशाळांना वाहक वायू, कोरी (नमुन्याशिवाय केलेली) मोजणी आणि वेल्डिंग संपल्यापासून नमुना गोठवेपर्यंतचा वेळ विचारा. तो वेळ नोंदलेलाच नसेल, तर कमी आलेल्या आकड्यावर विसंबून प्रीहीट (वेल्डिंगपूर्वी धातू तापवणे) कमी करू नका.