शब्दचर्चा : लाबुशेन आणि त्याच्या पोटातला मुका ‘जी’

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांची क्रीडा प्रश्नमंजुषा असते. या वेळी चिठ्ठ्या वाचायचं काम सातवीतल्या एका मुलाकडे होतं. त्याने माइकवर वाचलं, ‘कसोटीतला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट कोण? मार्नस लाबुस्चाग्ने.’ (कन्कशन सब्स्टिट्यूट म्हणजे डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी उतरणारा बदली खेळाडू.) प्रश्नासोबत उत्तरही वाचून टाकलं, पण हशा पिकला तो उच्चारावर. मागून तिघं-चौघं ओरडले, ‘लाबुशेन रे!’ चिठ्ठीवर इंग्रजीत ‘एल-ए-बी-यू-एस-सी-एच-ए-जी-एन-ई’ असं लिहिलेलं होतं. पोरगं खाली उतरून थेट माझ्याकडे आलं. ‘काका, मग मधले सी, एच आणि जी कशाला लिहितात?’

त्या वेळी मी ‘फ्रेंच आहे ते’ म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचायला लागलं. फ्रेंच आहे म्हणावं, तर फ्रेंचमध्ये असं ‘एस-सी-एच’ फारसं येत नाही. डच म्हणावं, तर सुरुवातीचा ‘ला’ आणि शेवटचा ‘आग्न’ उघड उघड फ्रेंच दिसतो. मग थोडी खोदाखोद केली, ती इथे मांडतोय.

ऑस्ट्रेलियाचा फलंदाज मार्नस याचा जन्म १९९४चा, दक्षिण आफ्रिकेतल्या क्लर्क्सडॉर्पचा. दहा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर तो ऑस्ट्रेलियात आला. त्याच्या मातृभाषेत, म्हणजे डचमधून घडलेल्या आफ्रिकान्समध्ये, हे आडनाव साधारण ‘लाबुस्काख्नी’ असं म्हणतात. त्यातला ख आपल्या ‘खण’मधला नव्हे, उर्दू ‘ख़बर’मधला, घशात खरवडणारा. दोन्ही उच्चार त्याने स्वतःच सांगितलेत आणि ऑस्ट्रेलियात लाबुशेन म्हटलेलं त्याला चालतं.

आता मागे जाऊ. फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजे ह्यूगेनॉ लोकांना, १५९८च्या नांतच्या फर्मानाने धर्म पाळायची मोकळीक मिळाली होती. चौदाव्या लुईने १६८५मध्ये ते फर्मान रद्द केलं आणि लाखावारी माणसं देश सोडून पळाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी जर्मन संस्थानांत, पुष्कळ जण हॉलंडला. हॉलंडमधल्यांपैकी दीडशे-दोनशे जणांना डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८८-८९च्या सुमारास जहाजात घालून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला पाठवलं. कंपनीला तिथे शेती करणारी, द्राक्षं लावणारी माणसं हवी होती. फ्रान्सहूक, म्हणजे ‘फ्रेंचांचा कोपरा’, हे गाव त्यांचंच. पण गव्हर्नर सिमॉन फान डर स्टेल हुशार. त्याने फ्रेंचांना एकगठ्ठा जमीन दिलीच नाही, डचांच्या शेतांमध्ये विखरून बसवलं. पुढे शाळेत डच सक्तीचं झालं. १७५०च्या दशकात लाकाय नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ केपला आकाश मोजायला आला, तेव्हा चाळिशीच्या आतल्या माणसांच्या तोंडून फ्रेंच जवळजवळ गेलेलं होतं. दोन पिढ्यांत भाषा संपली आणि आडनावं उरली. लाबुशेन हे त्यांतलंच एक.

आता गंमत अशी, की बोलणाऱ्याची भाषा गेली की आडनावाची दोन गाठोडी होतात. एक कानातलं, एक कागदावरचं. दोन्ही सांभाळणं कुणाला जमलेलं दिसत नाही.

क्रोनिए घ्या. मूळ फ्रेंच स्पेलिंगच्या शेवटी ‘आय-ई-आर’, त्यातला आर मुका, उच्चार ‘क्रोनिए’. केपच्या लोकांनी स्पेलिंग मोडून डच पद्धतीने ‘जे-ई’ केलं, कारण डचमध्ये जे म्हणजे य. स्पेलिंग बिघडलं, उच्चार वाचला. व्हिल्यों नावाच्या घराण्याचं असंच ‘फिल्यून’ झालं, पिनारचं ‘पीनार’, नेएलचं ‘नेल’. रुसो तर सरळच आहे. आयपीएलमधल्या रायली रुसोचं स्पेलिंग बघून कुणाला फ्रेंच तत्त्वज्ञ आठवणार नाही, पण उच्चार ऐकला की लगेच आठवतो.

याच्या उलट डिव्हिलियर्स. तीन भाऊ ला रोशेलच्या बाजूने १६८९मध्ये आले आणि त्यांच्या वंशजांनी स्पेलिंग जवळपास अक्षरशः जपलं. आफ्रिकान्स माणूस अजून ‘द फिल्ये’च्या जवळपास काहीतरी म्हणतो, पण बाकीच्या जगाने शेवटचे आर आणि एस दणकून वाचले. म्हणजे ज्याने स्पेलिंग मोडलं त्याचा उच्चार टिकला आणि ज्याने स्पेलिंग जपलं त्याचा उच्चार परदेशात गेल्यावर पार धुतला गेला.

लाबुशेनने अर्धं मोडलं, अर्धं जपलं आणि दोन्हीकडून मार खाल्ला. जुनं फ्रेंच रूप साधारण ‘लाब्युस्कान्य’, त्यात एच नव्हता. डच हाताने ‘एस-सी’चं ‘एस-सी-एच’ केलं, कारण त्या काळच्या डच लेखनात स्कच्या जागी तीच जोडी सवयीची. शाळेला डच ‘स्खोल’ म्हणतात आणि लिहितात ‘एस-सी-एच’नेच. आफ्रिकान्समध्ये तिथे स्वच्छ ‘स्क’ झाला. इथवर उच्चार शाबूत होता. पण शेवटचं ‘जी-एन-ई’ तसंच राहिलं. फ्रेंचमध्ये जी आणि एन मिळून एकच अनुनासिक, आपला ञ. डच वाचणाऱ्याला जी दिसला की त्याचा घसा आपोआप ख़ काढतो, आणि शेवटचा ई सुद्धा तो सोडत नाही. झालं काख्नी. काही घराणी शेवटच्या ई-वर तिरकी रेघ देतात, ती याच साठी, की बाबांनो, हा ई गिळू नका.

मग हे आडनाव ब्रिस्बेनला पोचलं. इंग्रजी डोळ्याला शेवटचं ‘सी-एच-ए-जी-एन-ई’ कशासारखं दिसलं असेल? माझ्या मते शॅम्पेनसारखं. तिथे जी मुका, एन उच्चारायचा, ए-चा एऽ करायचा. आणि एस-सी-एच म्हणजे श, हे जर्मन नावांमुळे कानात बसलेलं. श अधिक एन, लाबुशेन. म्हणजे डच हाताने लिहिलेलं फ्रेंच आडनाव इंग्रजाने फ्रेंच समजून वाचलं, आणि जो श मूळ फ्रेंचमध्ये कधी नव्हताच तो त्यात घातला.

मराठी वर्तमानपत्रांत मला लाबुशेन, लॅबुशेन आणि लबुशेन अशी तिन्ही रूपं दिसली आहेत. तुम्ही काय लिहिता?

वऱ्हाडी ठेचा :
लिहायचं कायले, आम्ही तर पाहिला त्याले. फेब्रुवारी २०२३, नागपूरजवळच्या जामठ्याची कसोटी, पहिला दिवस. एकोणपन्नासवर होता. जडेजाला पुढे सरसावला, चेंडू वळला, भरतने यष्ट्या उडवल्या. पुढच्याच चेंडूवर रेनशॉ पायचीत. कांगारू १७७वर खतम. आमच्या मागे बसलेले एक काका दिवसभर त्याले ‘लाबूशेठ’ म्हणत होते. मराठी रूप म्हणून ते धरावं असं माझं मत आहे राजेहो.
पण त्याच नोव्हेंबरात अहमदाबादले फायनलमध्ये हेडसोबत नाबाद अठ्ठावन्न करून गेला, तेव्हापासून शेठ म्हणायची इच्छा राहिली नाही.

तिसरी घंटा :
लेख आवडला. एक शंका. तुम्ही म्हणता एस-सी-एच म्हणजे स्क. मग फ्रान्सहूकच्या स्पेलिंगमध्येही एस-सी-एच आहे, तिथे नुसता स कसा?

धागाकर्ता :
बरोबर पकडलंत. जुन्या डच लेखनात शब्दाच्या शेवटी येणारा एस-सी-एच नुसता स उच्चारायचा. ‘फ्रान्स’ हे तिथे विशेषण आहे, ‘फ्रेंच’ या अर्थाचं, आणि पुढे ‘हूक’ म्हणजे कोपरा. म्हणून त्या गावाच्या स्पेलिंगमध्ये लागोपाठ दोन एच येतात. पहिला मुका, दुसरा बोलका.

मांडवीपार :
ञ वरून आठवलं. आमच्याकडे गोव्यात नोरोन्हा, कुन्हा ही आडनावं आहेत ना, त्यांतला ‘एन-एच’ म्हणजे पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेला नेमका हाच ञ. पोर्तुगीज उच्चार नोरोन्य, कुन्य असाच काहीसा. मराठीत आपण एच दिसला म्हणून ‘न्हा’ करून टाकला. म्हणजे डचांनी जी वाचला, आपण एच वाचला. हसायचं कुणी कुणाला?

धागाकर्ता :
वा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. याच आवाजाचं मराठी इतिहासात आणखी एक गिऱ्हाईक आहे. महादजी शिंद्यांची कवायती पलटणं उभी करणारा डी बॉईन. त्याच्याही नावात जी-एन-ई आहे, फ्रेंच उच्चार ‘द ब्वान्य’. तो मूळचा सव्हॉय प्रांतातल्या शांबेरीचा, जन्म १७५१चा, आणि घरचं आडनाव ‘लबोर्न्य’, म्हणजे एकाक्ष, काणा. ते त्याला नको झालं असावं, त्याने बदलून घेतलं. पण बदललेल्या नावातही जी-एन-ई कायम ठेवलं आणि इतिहासाच्या मराठी पुस्तकांची पंचाईत केली.

पोटमाळा :
डी बॉईनचं कशाला, त्याच्या धन्याचंच बघा की. शिंदे. इंग्रजांनी लिहिताना ‘एस-सी-आय’ने सुरुवात केली, शेवटी ‘आय-ए’ लावलं, आणि ते स्पेलिंग परत देवनागरीत आणलं तेव्हा ‘सिंधिया’ झालं. कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला सिंधिया झाले, ते पाण्याने नव्हे, स्पेलिंगने. आता तुम्ही ज्या न्यायाने मार्नसला लाबुशेन लिहिता, त्याच न्यायाने ग्वाल्हेरकरांना सिंधिया लिहायचं का? मला तर हात धजावत नाही. मी शिंदेच लिहितो.

धागाकर्ता :
दुखरी नस दाबलीत. माझा नियम एवढाच, की माणूस स्वतः जे म्हणवून घेतो ते लिहावं. त्या हिशेबाने आजचे राजकारणी ज्योतिरादित्य सिंधिया, पण महादजी शिंदेच. एकाच घराण्याची दोन आडनावं एका परिच्छेदात आली तर येऊ द्यावीत.

आणि हे लाबुशेनच्या बाबतीतही होतं. जपानच्या रग्बी संघाचा पीटर लाबुस्काख्नी आठवा. प्रिटोरियात जन्मलेला, २०१९च्या विश्वचषकात जपानने आयर्लंडला १९-१२ असं हरवलं तेव्हाचा जपानचा कर्णधार. आडनाव तेच, फक्त त्याच्या ई-वर रेघ आहे. त्याला मी लाबुशेन लिहिणार नाही. मित्रमंडळी त्याला ‘लापीस’ म्हणतात. आफ्रिकान्समध्ये त्याचा शब्दशः अर्थ चिंध्या, पण लाबुस्काख्नी आडनावाच्या माणसाला हे लाडाचं नाव नेहमी मिळतं. आपल्याकडे कुलकर्ण्यांचा ‘कुल्या’ होतो, तसं.

तिसरी घंटा :
म्हणजे आडनाव फ्रान्सचं, गाजलं ब्रिस्बेन आणि टोकियोत. मधल्या मधे क्लर्क्सडॉर्पला कसं गेलं? ते तर केपपासून खूप आत आहे.

धागाकर्ता :
हो, हे लेखात राहून गेलं. केपच्या द्राक्षमळ्यांजवळची जमीन पुढच्या पिढ्यांना पुरेना, तशी ही कुटुंबं अठराव्या शतकात गुरं घेऊन पूर्वेकडे सरकत गेली. १८३०च्या दशकात इंग्रजी अंमलाला कंटाळून बैलगाड्यांचे तांडे उत्तरेला निघाले, त्याला ‘ग्रेट ट्रेक’ म्हणतात. क्लर्क्सडॉर्प हे व्हाल नदीपलीकडच्या त्यांच्या सगळ्यांत जुन्या वसाहतींपैकी, १८३७चं. पुढे १८८६मध्ये सोनं सापडलं आणि त्या पट्ट्याचा नूरच पालटला. १९९४नंतर बरीच कुटुंबं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंडकडे गेली. बघा, प्रत्येक मुक्कामाला आडनाव थोडं झिजलं.

गावाच्या नावातही गंमत आहे. पहिला न्यायाधिकारी याकोब द क्लर्क, त्याच्यावरून हे नाव. डॉर्प म्हणजे गाव आणि क्लर्क म्हणजे लेखनिक. आपण असतो तर ‘कुलकर्णीवाडी’ म्हटलं असतं. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांचं आडनावही फ्रेंच ‘ल क्लेर’वरून आलेलं. तिथे फ्रेंच शब्द बाजूला सारून डच शब्दच बसवला, म्हणजे उच्चार आणि स्पेलिंग दोन्ही सोडून फक्त अर्थ नेला. हा तिसरा मार्ग.

पोटमाळा :
आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखं त्यांच्यात काही असतं का? एवढी भटकंती म्हणजे वंशावळीचा गोंधळच.

धागाकर्ता :
असतं, आणि शिस्तीत आपल्या तोडीस तोड. आपण मूळपुरुष म्हणतो, ते ‘स्तामफाडर’ म्हणतात. मूळपुरुष ए, त्याची मुलं बी-१, बी-२, नातवंडं सी-१, सी-२. म्हणजे बी-३, सी-१, डी-५ असा पत्ता दिला, की मूळपुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या पहिल्या अपत्याचं पाचवं मूल, हे लगेच कळतं. डिव्हिलियर्स आणि पामा या दोघांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. हा डिव्हिलियर्स आपल्या एबीडीच्या खूप आधीचा, बॅट नव्हे तर दप्तर घेऊन बसणारा.

वऱ्हाडी ठेचा :
ते सगळं ठीक, त्या पोराचं काय झालं?

धागाकर्ता :
काल जिन्यात भेटला. त्याला सांगितलं, की तू जे केलंस तेच केपमधल्या डचांनी केलं होतं, समोर दिसलेलं प्रत्येक अक्षर वाचलं. खुद्द मार्नसच्या घरच्या उच्चाराच्या जवळ त्या दिवशी मांडवात कुणी असेल तर तूच होतास. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, ‘मग मला तो अर्धा मार्क द्या ना.’ मी म्हटलं, तू वाचत होतास, उत्तर देत नव्हतास. त्यावर तो काही बोलला नाही, पण काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या वडिलांचा मेसेज आलाय.