टोपल्यांनी टेकडी??

चक्रमभटक्या: अमेरिकेत इलिनॉयला काहोकिया या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या शहराचा मंक्स माउंड (माणसांनी रचलेली टेकडी) बघितला, जवळपास ३० मीटर उंच आणि सगळी माती! चाक नाही, बैल नाही, मग केलं कसं आणि कशाला?

मातीखालचा: टोपल्यांनीच की. खणलं की कापलेल्या बाजूवर वेगवेगळ्या रंगाच्या मातीचे डाग दिसतात, एकेक डाग म्हणजे एकेक ओतलेली टोपली. माती जवळचीच, ती काढलेले खड्डे अजून आहेत तिथे.

रमाकाकू: वर मोठी लाकडी इमारत होती. तिथले सगळे माउंड तसे नाहीत हां, ७२ नंबरच्या माउंडात माणसं पुरलीत, काहींसोबत शंखाचे हजारो मणी.

चक्रमभटक्या: म्हणजे राजाने राबवून घेतलं असणार?

मातीखालचा: लगेच तसं म्हणू नको राव, एवढ्या कामाला राजा लागतोच असं नाही; लुइझियानात पॉव्हर्टी पॉइंटला शेती न करणाऱ्या, शिकार-मासेमारीवर जगणाऱ्या लोकांनी ३००० वर्षांहून आधी केवढा मोठा माउंड उभारलाय.