मदत हवी आहे: छोट्या नाट्यसंस्थेत ‘अवर टाउन’ बसवायचं आहे, मूकाभिनय आणि तिसरा अंक

नमस्कार मंडळी,

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात राहते. इथल्या हौशी नाट्यसंस्थेने पुढच्या हंगामात जुनी अमेरिकन नाटकं करायचं ठरवलंय. सुरुवात सुझन ग्लास्पेलच्या ‘ट्रायफल्स’ या १९१६ च्या एकांकिकेने होईल. थॉर्नटन वाइल्डरचं ‘अवर टाउन’ दिग्दर्शनासाठी माझ्याकडे आलंय. प्रयोग इंग्रजीतच आहेत. तरी इथे विचारतेय, कारण तुमच्यापैकी अनेकांनी एकांकिका स्पर्धांत आणि प्रायोगिक रंगभूमीवर रिकाम्या रंगमंचावर कामं केली आहेत आणि माझ्या अडचणी तिथल्याच आहेत.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नाटक १९३८ चं. न्यू हॅम्पशायरमधलं ग्रोव्हर्स कॉर्नर्स हे काल्पनिक गाव. पहिल्या अंकात १९०१ मधला एक साधा दिवस, दुसऱ्यात १९०४ मधलं जॉर्ज आणि एमिलीचं लग्न, तिसऱ्यात १९१३ मधली दफनभूमी. एमिली बाळंतपणात गेलेली असते. तिला जगलेला एक दिवस पुन्हा जगता येतो आणि ती आपला बारावा वाढदिवस निवडते. पडदा नाही, नेपथ्य नाही. दोन टेबलं, काही खुर्च्या, वरच्या मजल्याच्या खिडक्यांसाठी दोन शिड्या. ‘स्टेज मॅनेजर’ नावाचं पात्र प्रेक्षकांशी थेट बोलतं, प्रसंग मधेच थांबवतं, लग्न लावणारा पाद्रीही तेच होतं. आपल्याला सूत्रधाराची सवय असल्यामुळे हे पात्र मला पहिल्या वाचनातच ओळखीचं वाटलं.

संस्थेतल्या काहींना मागे जुन्या गावाचे तपकिरी फोटो दाखवायचे आहेत, पांढरं कुंपण उभारायचं आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे. इथे हे नाटक शाळाशाळांतून इतकं होतं की लोक ते गोडगोड समजतात. माणसं एकमेकांकडे न बघता जगतात आणि हे कळतं तेव्हा वेळ गेलेली असते, हे त्यात इतक्या कोरडेपणाने सांगितलंय की मला ते फार कठोर नाटक वाटतं. डेव्हिड क्रोमरने २००९ मध्ये न्यू यॉर्कच्या बॅरो स्ट्रीट थिएटरमध्ये ते आजच्या कपड्यांत केलं, प्रेक्षकांवरचे दिवेही चालू ठेवले. शेवटी एमिली घरी परतते तेव्हा मात्र खरंखुरं स्वयंपाकघर उघडलं आणि बेकन तळल्याचा वास सभागृहभर पसरला. ती कल्पना त्याची, ती मी उचलणार नाही. पण तोवर काहीच दाखवलं नव्हतं म्हणूनच तो वास पोचला, एवढं मी त्यातून घेतलंय.

आता प्रश्न.

शेंगा मोडणं, चूल पेटवणं, दूधवाल्याच्या बाटल्या घेणं, हे सगळं वस्तूंशिवाय करायचंय. माझ्या नटांमध्ये एक नर्स आहे, एक निवृत्त सुतार, दोन कॉलेजची मुलं. मूकाभिनय कुणीच केलेला नाही. त्यांच्याकडून तो कसा करून घेऊ?

पात्रं वीसहून जास्त आणि माणसं त्याच्या निम्मीच. एकाने दोन-तीन भूमिका केल्या तर परवान्याची अडचण येते का?

आणि तिसरा अंक. वाचनाला बसलो की सगळे गहिवरतात आणि आवाज रडवा होतो. तो कसा सुकवायचा?

प्रतिसाद १

ताई, मूकाभिनय म्हणून शिकवूच नका. आधी खऱ्या शेंगा आणा, खरं पातेलं आणा आणि संवाद म्हणत निवडायला लावा. हात सरावले की एकेक वस्तू काढून घ्या, शेवटी पातेलं. वजन आणि अंतर हातांच्या लक्षात राहतं. दुसरं, चूल कुठे, दार कुठे हे तालमीच्या जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि सगळ्यांसाठी एकच ठेवा. एकाने दार जिथे उघडलं तिथूनच दुसरा भिंतीतून गेला, तर प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढचं घर तिथेच पडतं. तुमच्या नर्सबाई आणि सुतारकाका हे लवकर करतील. हाताने काम करणाऱ्यांना ते जमतं.

प्रतिसाद २

परवान्याचं: ‘ट्रायफल्स’ अमेरिकेत आता मुक्त आहे, ‘अवर टाउन’ नाही. तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं हक्क राहतात, म्हणजे १९३८ चं नाटक २०३३ अखेरपर्यंत. संवाद कापायचे किंवा बदलायचे असतील तर लेखी परवानगी लागेल. दुहेरी भूमिकांचंही अर्जातच विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवर असू द्या.

प्रतिसाद ३

तिसऱ्या अंकाचं उत्तर संहितेतच आहे. मेलेली माणसं भावविवश न होता, रोजच्या बोलण्यासारखी बोलतात, अशी वाइल्डरची सूचना आहे. ती मान वळवत नाहीत, पण ताठरलेलीही नसतात. तालमीत त्यांना हवापाण्याच्या गप्पा मारायला बसवा आणि त्याच सुरात संवादांवर आणा. रडायचं एकट्या एमिलीने, कारण ती अजून त्यांच्यातली झालेली नाही. बाकीचे रडले तर तिचं एकटेपण उरत नाही.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. परवान्याचा अर्ज आजच पाठवते. प्रतिसाद ३ मधली शेवटची दोन वाक्यं सगळ्या नटांना इंग्रजीत करून वाचून दाखवणार आहे. एक राहिलं: दफनभूमीतल्या खुर्च्या प्रेक्षकांकडे तोंड करून असतात आणि आमचं सभागृह तीन बाजूंनी खुलं आहे. अशा जागेत कुणी काम केलंय का? खुर्च्यांची रांग तिरकी लावली तर बाजूच्या प्रेक्षकांना चेहरे दिसतील का?