अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि पियानो

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकारांनी 'कॅमेऱ्यासाठी पियानो सोडला' असे म्हटले जाते, त्यात थोडी भर घालतो. त्यांनी सोडला तो मैफलीचा पेशा, वादन नव्हे. 1902 साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या अ‍ॅडम्स यांनी बाराव्या वर्षी पियानो शिकायला घेतला आणि 1930 च्या सुमारास छायाचित्रणालाच वाहून घेण्याचे ठरवेपर्यंत वादक होण्याची उमेद बाळगली. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात त्यांना सरावासाठी पियानो मिळाला तो चित्रकार हॅरी बेस्ट यांच्या स्टुडिओत, आणि त्यांच्याच कन्येशी, व्हर्जिनियाशी, 1928 मध्ये त्यांचा विवाह झाला. (रियाजाचे असेही फळ!) निगेटिव्ह (फिल्मवरची मूळ उलटी प्रतिमा) म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, ही त्यांची प्रसिद्ध उपमा मला नुसती शब्दांची आरास वाटत नाही, कारण न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राच्या 1941 मधील एकाच निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक दशके प्रिंट काढत राहिले, आणि सुरुवातीच्या प्रिंटमध्ये फिकट ढग दाखवणारे आकाश उत्तरोत्तर काळेभोर होत गेले. बंदिश तीच, विस्तार मात्र दर वेळी नवा, ही वादकाचीच वृत्ती आहे, आणि 1984 मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या डार्करूममध्ये ती टिकली.