लग्नपत्रिकेसाठी हस्ताक्षरासारखा फॉन्ट हवा, वेलांटी तुटतेय, घाई आहे

घाईत_सदाशिव: हाताने लिहिल्यासारखा, मोकळा मराठी फॉन्ट सुचवा. 'कलम' नावाचा फॉन्ट टाकून पाहिला, पण 'निमंत्रण'मधली वेलांटी भलतीकडेच जाते. फाइल उद्या प्रेसला द्यायचीय.

काना_मात्रा: कशात करताय? कोरल, फोटोशॉप, इलस्ट्रेटर? मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या जागतिक पद्धतीत, आहे का?

बोरूबहाद्दर: फॉन्ट कशाला? चार ओळी कॅलिग्राफरकडून लिहून घ्या, 600 डीपीआयला स्कॅन करा, ट्रेस करा. फॉन्टमधला प्रत्येक 'म' हुबेहूब सारखा, त्याला हस्ताक्षर म्हणायचं?

घाईत_सदाशिव: इलस्ट्रेटर. युनिकोड. उद्या म्हटलंय हो मी.

काना_मात्रा: मग फॉन्ट निर्दोष आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे 'शो इंडिक ऑप्शन्स'वर टिक. मग मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय) घ्या. नुसती टिक करून जुना मजकूर सुधारत नाही, लोक इथेच अडकतात. नंतर 'होणाऱ्या' आणि 'शुभविवाह' नीट वाचा. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यच ठेवा, वाढवलंत की शिरोरेषा तुटते.

नारायणपेठी: एवढा खटाटोप? श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतं.

काना_मात्रा: चालतं, कारण तिथे अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तोच मजकूर कलममध्ये टाका, कचरा दिसेल. युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावा, मग पुन्हा प्रूफ वाचा. आज रात्री?

मोडीप्रेमी: सलग, धावतं वळण हवं तर मोडीच! आधी ओळभर रेघ, मग हात न उचलता अक्षरं. 2014 पासून युनिकोडमध्येही आहे.

नारायणपेठी: आणि मुहूर्त वाचायला पाहुण्यांनी पुराभिलेखागारात जायचं का?

बोरूबहाद्दर: छपाई कसली, ते कुणी विचारलंच नाही.

घाईत_सदाशिव: मरून कागद, सोनेरी स्क्रीन प्रिंटिंग. वेलांटी जागेवर आली!

बोरूबहाद्दर: हे आधी सांगायचं! सोनेरी शाई पसरते, 'क', 'भ'च्या गाठी बुजतात. कलमचं लाइट वजन (बारीक रेघेचं) नको, रेग्युलर किंवा बोल्ड घ्या. 14 पॉइंटच्या खाली जाऊ नका.

काना_मात्रा: सगळी पत्रिका कलममध्ये नको. ते बॉलपेनने भराभर लिहिल्यासारखं, तिरकं वळण आहे. नावं आणि 'अगत्य यावे' एवढ्यापुरतं ठीक. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता 'मुक्ता' या साध्या फॉन्टमध्ये. शेवटी मूळ फाइलची प्रत ठेवून क्रिएट आउटलाइन्स (अक्षरांचे नुसते आकार करणं), नाहीतर प्रेसच्या मशीनवर फॉन्ट नसला की वेलांट्या पुन्हा नाचतील.

घाईत_सदाशिव: आउटलाइन केल्यावर आडनाव चुकलेलं दिसलं तर?

नारायणपेठी: म्हणून तर मूळ प्रत. आणि आडनाव मुलीकडच्यांना आधी दाखवा.