मदत हवी आहे : भाच्याने बनवलेलं ॲप लोकांच्या फोनवर कसं चढवायचं?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. आमच्या देवळात भजनी सप्ताहात वाड्यावाड्यांच्या पाळ्या असतात. कुणाची कधी, यावरून दरवर्षी घोळ. भाच्याने त्यासाठी छोटंसं ॲप केलं आणि एपीके फाईल (जी उघडली की प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप बसतं) व्हॉट्सॲपवर पाठवली. निम्म्या लोकांच्या फोनने ते 'धोकादायक' म्हणून अडवलं. त्यात आहे काय, तर नावं आणि वेळा!

भीती अगदीच खोटी नाही, हे कळतं. लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून आलेल्या एपीकेंनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. पण चोर आणि भाचा एकाच तागडीत?

त्यात गुगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलं की प्ले स्टोअरबाहेरच्या ॲपलाही बनवणाऱ्याची ओळख पटवून नोंदणी लागेल. सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, 2027 पासून हळूहळू इतरत्र. ओळख पटली म्हणजे ॲप चांगलंच, असं थोडंच आहे? आणि फोन मी विकत घेतलाय ना! ॲपल तर आयफोनवर फक्त आपल्याच स्टोअरमधली ॲप्स चालू देत आलंय; युरोपात 2024 मध्ये कायद्यामुळे त्यांना दुसरी स्टोअर्स चालू द्यावी लागली.

तर विचारायचं ते असं: प्ले स्टोअरचं 25 डॉलरचं खातं काढावं, की गुगलने विद्यार्थी-हौशींसाठी सांगितलेलं मर्यादित खातं पुरेल? की सरळ वेबपेजच करावं? प्ले प्रोटेक्ट (फोनमधली ॲप तपासणारी गुगलची सोय) बंद करा, असं कृपया सुचवू नका, म्हाताऱ्यांना ते सांगायची माझी छाती नाही.