प्रतिसाद: सीमंकीत मराठी अक्षर बारीकच राहतं

सीमंकी या वेब ब्राउझर आणि ईमेलच्या एकत्रित प्रोग्राममध्ये फॉन्टचा आकार वाढवूनही काही पानांवर मराठी मजकूर बारीकच दिसतो, असं तुम्ही म्हटलंय. वर एकांनी प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला सांगितलंय, त्याची मुळीच गरज नाही.

एडिट, प्रेफरन्सेस, अपिअरन्स, फॉन्ट्स इथे जा. वरच्या यादीत प्रत्येक लिपीचा आकार वेगळा ठरवता येतो. तुम्ही बहुतेक फक्त 'देवनागरी' निवडून तो बदललाय. पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण नसेल, तर मजकूर मराठी असूनही दुसऱ्याच नोंदीचा आकार लागू होतो. म्हणून 'लॅटिन' आणि 'इतर लिपी' या नोंदींतही तोच आकार द्या, आणि किमान आकारही ठरवून टाका. बाबांच्या संगणकावर मी 18 ठेवलाय. आधी त्यांना 'सिद्ध'मधला द्ध आणि 'विद्या'मधला द्य वेगळे ओळखू यायचे नाहीत. आता चष्मा न सरकवता वाचतात. पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूण मात्र काढू नका, नाहीतर बटणांवरच्या चित्रांच्या जागी चौकोन दिसायला लागतात.

बातम्यांच्या फीडमध्ये (संकेतस्थळांवरून आपोआप येणाऱ्या बातम्यांच्या यादीत) बातमीच्या सारांशाऐवजी अख्खं संकेतस्थळ उघडतं, असंही तुम्ही म्हटलंय; त्यावर उपाय सोपा आहे: व्ह्यू मेन्यूत 'फीड मेसेज बॉडी अ‍ॅज'खाली 'समरी' निवडा.

आणि हे सगळं करण्याआधी सीमंकी पूर्ण बंद करून प्रोफाइलच्या, म्हणजे तुमची माहिती साठवलेल्या, फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. तुमची सगळी पत्रं त्यातच असतात हो.